शंकरपट: शंभराव्या सेकंदासाठी पळणाऱ्या वऱ्हाडातल्या बैलजोड्या, आधी काय होतं, बंदी का आली आणि आता काय बदललंय?

जानेवारीचा महिना. कपाशीचे शेवटचे वेचे सुरू असतात, तुरी सोंगून झालेल्या असतात, शेतकऱ्याच्या हाताला जरा सवड असते. अशा वेळी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासरच्या पटाच्या मैदानाकडे सकाळपासून गर्दी सरकायला लागते. कुणी टेम्पोत बैल घालून आणलेत, कुणी रात्रीच मुक्कामाला आलंय. मैदानात सरळ रेषेत आखलेली धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, एका टोकाला जोडी जुंपलेली छकडी.

झेंडा पडतो. धुरकरी ओरडतो. जोडी सुटते. आणि मागच्या माणसानं मान उंचावून बघेपर्यंत सगळं संपलेलंसुद्धा असतं.

मग सगळं मैदान गप्प होतं. कारण आता लाऊडस्पीकरवरून वेळ सांगितली जाणार असते. नुसते सेकंद नाही, सेकंदाचे शंभरावे भागसुद्धा. एका शंभराव्या भागानं कुणाचं बक्षीस जातं, कुणाच्या बैलाची किंमत वाढते.

याला वऱ्हाडात म्हणतात शंकरपट. फॉर्म्युला वनच्या रील्स बघणाऱ्या पिढीला हा खेळ जुनाट वाटू शकतो. पण नीट पाहिलं तर मोटार रेसिंगनं गेल्या सव्वाशे वर्षांत जे बदल पाहिले, त्यातले बरेचसे या पटानंही पाहिलेत. घड्याळ बदललं, गाडी बदलली, पैसा आला, अपघात झाले, बंदी आली, नियम आले. फरक एकच आहे, पण तो फार मोठा आहे. तिथे इंजिन पळतं, इथे जीव पळतो.

हा सगळा विषय नेमका काय आहे, ते सोप्या भाषेत.

शंकरपट म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती सगळीकडे सारख्या नाहीत. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यात 'बैलगाडा' चालतो. तिथे चढाची धावपट्टी असते, तिला 'घाट' म्हणतात, एका फेरीला 'बारी' म्हणतात आणि गाड्याच्या पुढे घोडी पळते. सातारा-सांगलीकडे मोकळ्या माळावर अनेक गाड्या एकाच वेळी शेजारी-शेजारी सुटतात, जो आधी पोहोचला तो जिंकला. रायगडकडे समुद्राच्या वाळूवरही शर्यती झाल्यात.

विदर्भातला शंकरपट यापेक्षा वेगळा. इथे सपाट, सरळ आणि लहान धावपट्टी असते. हलक्या छकडीला दोन बैल जुंपतात, वर एक धुरकरी असतो. 'धुरा' म्हणजे गाडीचा पुढचा दांडा, आणि तो सांभाळणारा तो धुरकरी. पूर्व विदर्भात बऱ्याच ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी पळवतात, तर वऱ्हाडातल्या मोठ्या पटांमध्ये खरी लढाई असते ती घड्याळाशी. ज्याची वेळ सगळ्यात कमी, तो पहिला.

नावाचं काय? बैल म्हणजे नंदी, नंदी म्हणजे शंकराचं वाहन, म्हणून शंकरपट, असं गावोगाव सांगितलं जातं. 'पट भरला', 'पटाला जोडी नेली', 'पटाचा बैल' हे शब्द वऱ्हाडात इतके रुळलेत की 'शर्यत' हा शब्द तिथे कुणी फारसा वापरत नाही.

याची सुरुवात कुठून झाली?

वऱ्हाड म्हणजे काळी माती आणि कापूस. आज ट्रॅक्टर, टेम्पो आणि ट्रक आहेत. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी या प्रदेशातलं सगळं बैलांच्या खांद्यावर होतं. रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो किलोमीटरवरच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. त्यानंतर लांबचा माल रुळांवर गेला. पण शेतातून जिनिंगपर्यंत आणि गावातून स्टेशनपर्यंतचा रस्ता बैलबंडीचाच राहिला.

अशा जगात चांगला बैल ओळखणं ही चैन नव्हती, गरज होती. कोणता बैल ओझ्याला दमत नाही, कोणता नांगराला सरळ चालतो, कोणता हाक मारताच उठतो, हे माहीत असणारा शेतकरी तरायचा. गाड्याही वेगवेगळ्या होत्या. माल वाहायला जड बंडी, माणसांना लवकर न्यायला हलकी रेंगी किंवा दमणी. नवरीला आणायचं असो की रात्री वैद्याकडे पळायचं असो, तिथे वेगवान जोडीच लागायची.

आणि जिथे दोन चांगल्या जोड्या असतात, तिथे 'माझी जास्त पळते' हे भांडण असतंच. पट म्हणजे त्या भांडणाचा जाहीर निकाल. शिवाय तो बाजारही होता. पटात नाव काढलेल्या बैलाला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळायचं.

मोटारीचंही अगदी असंच झालं होतं

इथे थोडं फ्रान्सला जाऊन येऊ. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची पहिली मोठी स्पर्धा झाली. अंतर होतं सुमारे १२६ किलोमीटर आणि ती भरवली होती एका वर्तमानपत्रानं. गंमत म्हणजे बक्षीस सगळ्यात वेगवान गाडीला नव्हतंच. गाडी सुरक्षित हवी, चालवायला सोपी हवी आणि खर्चाला परवडणारी हवी, अशी अट होती. सगळ्यात आधी पोहोचली ती वाफेवर चालणारी गाडी, पण तिच्यावर कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा. म्हणून पहिलं बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या प्यूजो आणि पानार या गाड्यांना विभागून मिळालं.

पुढच्याच वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस अशी जवळपास बाराशे किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासोर हा गडी सुमारे ४९ तास जवळजवळ एकट्यानं गाडी चालवत पहिला आला. त्याचा सरासरी वेग होता ताशी साधारण २४ किलोमीटर. आजची साधी स्कूटीही त्याला मागे टाकेल.

भारतातही १९०४ मध्ये मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेनं दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची रॅली भरवली होती. तिथेही प्रश्न तोच होता, ही नवी वस्तू आपल्या रस्त्यांवर टिकते का?

म्हणजे पट असो की मोटारींची शर्यत, दोन्हीची सुरुवात करमणुकीपुरती नव्हती. आपलं रोजचं वाहन किती चांगलं आहे, हे चारचौघांसमोर तपासून बघायची ती पद्धत होती. नंतर हळूहळू वाहन मागे पडलं आणि शर्यत हीच मुख्य गोष्ट झाली. वऱ्हाडातही तेच झालं. आज शेताला जुंपायचा बैल वेगळा आणि पटाचा बैल वेगळा.

सगळ्यात मोठा बदल: घड्याळ

पूर्वी पंचांची नजर आणि हातातलं स्टॉपवॉच यावर निकाल ठरायचा. यात अडचण काय, ते एका साध्या हिशोबानं कळेल.

समजा, जोडी ताशी ४० किलोमीटर वेगानं पळतेय. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. माणसाला डोळ्यानं पाहून बोटानं बटण दाबायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात जोडी दोन मीटरपेक्षा जास्त पुढे गेलेली असते. म्हणजे जवळजवळ एक अख्खा बैल! सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर चूक थोडी भरून निघते, पण दरवेळी तसं होईलच असं नाही. त्यात पंच कंटाळलेला असेल, ऊन लागलं असेल, किंवा जोडी ओळखीच्याची असेल, तर वाद ठरलेलाच. जुन्या पटांमध्ये निकालावरून हमरीतुमरी व्हायची ती उगाच नाही.

आता मोठ्या पटांमध्ये इलेक्ट्रॉनिक घड्याळं आलीत. तत्त्व सोपं आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. बैलानं पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. माणसाचं बोट मधे येतच नाही. सोबत मोबाइल आणि कॅमेऱ्यांचं चित्रीकरण असतंच.

आता पुन्हा हिशोब करा. ताशी ४० किलोमीटर वेगात सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सुमारे ११ सेंटीमीटर. एका वितीपेक्षाही कमी. फॉर्म्युला वनमध्ये वेळ हजाराव्या भागापर्यंत मोजतात. तिथे गाडी ताशी ३०० किलोमीटरनं जात असेल, तर एका हजाराव्या भागात ती सुमारे ८ सेंटीमीटर सरकते. म्हणजे अंतराच्या भाषेत बोलायचं तर वऱ्हाडातला पट आणि फॉर्म्युला वन जवळपास सारख्याच बारकाईनं मोजले जातात.

आणि एवढं मोजूनही कधीकधी निकाल लागत नाही. १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेझ इथे पात्रता फेरीत जॅक व्हिलनव्ह, मायकल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन या तिघांची वेळ हजाराव्या भागापर्यंत एकसारखी आली होती, १ मिनिट २१.०७२ सेकंद. मग ज्यानं ती वेळ आधी नोंदवली, त्याला पहिली जागा दिली गेली.

घड्याळानं आणखी एक गोष्ट केली. पूर्वी एका गावच्या पटाची दुसऱ्या गावच्या पटाशी तुलना करता यायची नाही. आता आकडा असतो. हा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो, यूट्यूबवर चढतो आणि बैल गोठ्यात पोहोचायच्या आधी त्याचं नाव चार जिल्ह्यांत पोहोचलेलं असतं.

छकडी आणि बैल

शेताची बंडी ही ओझ्यासाठी बनते. पटाची छकडी ही ओझं नसावं म्हणून बनते. एक माणूस कसाबसा तोल सांभाळून राहील एवढीच जागा, बाकी सगळं वजन काढून टाकलेलं. रेसिंग कारमधून मागची सीट, डिकी, एसी काढून टाकतात, तसंच हे.

बैलांचंही तसंच. विदर्भाच्या वर्धा-नागपूर पट्ट्यात गवळाऊ ही जात आहे. अंगानं हलकी आणि चालीला चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ भागातून जलद वाहतुकीसाठी हे बैल वापरायच्या, असं या जातीबद्दल सांगितलं जातं. वऱ्हाडात उमर्डा बैल ओळखीचा, तो काळ्या मातीच्या कामाला धरून राहणारा. आणि पश्चिम महाराष्ट्रातला खिलार, ज्याचं नाव वेगासाठी सगळीकडे घेतलं जातं. पटाच्या बैलांना शेतीच्या कामाला फारसं जुंपत नाहीत. नुसत्या कुटार-कडब्यावर ते राहत नाहीत. सरकी, ढेप, चुनी, दूध, अंडी असा खुराक, रोजचा सराव, अंगाची मालिश. बैल विकत घेणं एकदाचं असतं, पण त्याला पोसणं रोजचं असतं.

जोडी जमणं हा तर वेगळाच विषय. एक बैल वेगवान आणि दुसरा मंद असला की छकडी वाकडी जाते. म्हणून दोन वेगवेगळ्या मालकांचे बैल एकत्र जुंपून पटात उतरवणं नवीन नाही. बक्षीसही मग वाटून घेतात.

मग बंदी का आली?

इथे कहाणीचा अवघड भाग सुरू होतो.

जोडी जोरात पळावी म्हणून काय काय केलं जायचं? चाबूक, टोचणी लावलेली तुतारी, शेपूट पिरगाळणं. काही ठिकाणी विजेचा झटका देणारी साधनं वापरल्याच्या आणि बैलांना दारू पाजल्याच्या तक्रारीही झाल्या. सगळेच मालक हे करत नव्हते. अनेक शेतकरी आजही सांगतील की पोटच्या पोरासारखा बैल जपतो. पण काही जण करत होते आणि त्यांना थांबवणारा नियम मैदानावर नव्हता.

देशात प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे. त्यातल्या कलम २२ नुसार काही प्राण्यांच्या खेळांवर सरकार बंदी घालू शकतं. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अस्वल, माकड, वाघ यांच्या यादीत बैलाचाही समावेश केला. वाद न्यायालयात गेला.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतलं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही. तो पळतो तो वेदनेच्या किंवा भीतीच्या दबावाखाली. आणि भूक, वेदना, भीती यांपासून मुक्त राहण्याचा हक्क प्राण्यांनाही आहे.

गावांत याचा अर्थ वेगळा लागला. 'मुंबई-पुण्यात रेसकोर्सवर घोडे पळतात ते चालतं, अन् आमचे बैल पळाले तर गुन्हा?' हा सवाल तेव्हा पारापारावर विचारला गेला. मोठे पट थांबले. बैल बाळगणाऱ्यांचं अर्थकारण बसलं. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हातारा बैल सांभाळण्याचा खर्चही शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. काही ठिकाणी चोरून शर्यती झाल्या, गुन्हे दाखल झाले.

पुढचा घटनाक्रम असा:

• ७ जानेवारी २०१६: केंद्रानं अटींसह शर्यतींना सूट दिली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली.

• जानेवारी २०१७: चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी मोठं आंदोलन झालं. तमिळनाडूनं कायदा बदलला.

• २०१७: महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि नियम तयार झाले. पण मुंबई उच्च न्यायालयानं परवानग्या रोखल्या.

• २०१८: सगळा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे गेला.

• १६ डिसेंबर २०२१: अंतिम निकाल येईपर्यंत २०१७ च्या नियमांनुसार शर्यती घ्यायला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. गावागावांत गुलाल उधळला गेला.

• १८ मे २०२३: पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

शेवटच्या निकालात एक गोष्ट महत्त्वाची आहे. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच वेळी हेही बजावलं की नव्या नियमांमुळे प्राण्यांच्या वेदना कमी होतील, या गृहीतकावर कायदे टिकले आहेत. त्यामुळे नियमांची अंमलबजावणी काटेकोर हवी आणि त्याची जबाबदारी प्रशासनाची. म्हणजे बंदी उठली ती अटींवर.

आता पट भरवायचा तर काय करावं लागतं?

जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. आयोजकाला अनामत रक्कम भरावी लागते. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब चालत नाही (वऱ्हाडातला पट तसाही याच्या कितीतरी आत असतो). प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी होऊन तो तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो. चाबूक, काठी, तुतारी, विजेचं साधन, उत्तेजक औषध यातलं काहीही चालत नाही. एका बैलाला दिवसभरात किती वेळा पळवायचं यावर मर्यादा आहे. जागेवर पाणी, सावली आणि डॉक्टर हवेत. शर्यतीचं चित्रीकरण करून द्यावं लागतं. बैलाला इजा केली तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कागदावर हे भक्कम आहे. मैदानावर ते किती पाळलं जातं, हे आयोजकावर, पोलिसांवर आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या प्रेक्षकांवरही अवलंबून आहे. कारण आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. बैलाला मारतानाचं एक रील सगळ्या पटाची परवानगी धोक्यात आणू शकतं, हे आयोजकांनाही कळून चुकलंय. म्हणून अनेक पटांमध्ये 'बैलाला मारू नका, जोडी बाद होईल' ही सूचना लाऊडस्पीकरवर पुन्हा पुन्हा दिली जाते.

बंदीतून गेलेला हा एकटा खेळ नाही

मोटार रेसिंगचा इतिहासही असाच रक्तानं लिहिलेला आहे. १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यतीत रस्त्यावरच इतके अपघात झाले, चालक आणि बघे इतके मेले, की फ्रेंच सरकारनं बोर्दोमध्येच शर्यत थांबवली. गाड्या घोड्यांना जुंपून स्टेशनवर नेल्या गेल्या. त्यानंतर उघड्या रस्त्यांवरच्या शर्यतींचा काळ सरत गेला आणि १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स हा खास शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला.

१९५५ मध्ये ल मान्स इथे एक गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून जास्त लोक मेले. स्वित्झर्लंडनं तर त्यानंतर ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींवर बंदीच घातली. तिथे पुन्हा अशी मोठी शर्यत झाली ती २०१८ मध्ये झ्युरिकला, तीही इलेक्ट्रिक गाड्यांची. १९९४ मध्ये आयर्टन सेनाचा मृत्यू झाला आणि फॉर्म्युला वनचे सुरक्षा नियम बदलले. २०१८ पासून चालकाच्या डोक्यावर 'हेलो' नावाचं संरक्षक कडं सक्तीचं झालं. सुरुवातीला चाहत्यांनी त्याला नाकं मुरडली होती. आज त्याशिवाय गाडीची कल्पना कुणी करत नाही.

पटासाठी यात दोन धडे आहेत. पहिला प्रेक्षकांचा. जोडी बिथरली तर ती सरळ गर्दीत जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंना मजबूत कठडे आणि शेवटच्या रेषेपलीकडे जोडी थांबायला पुरेशी मोकळी जागा, यावर पैसा खर्च करण्याला पर्याय नाही. दुसरा धडा असा की नियमांनी खेळ मरत नाही. नियम नसल्यानं मात्र तो बंद पडू शकतो.

पण तुलना इथे थांबते. सेनाला धोका माहीत होता आणि तो त्यानं स्वतः स्वीकारला होता. बैलाला कुणी विचारत नाही. शर्यतींना विरोध करणाऱ्या प्राणिमित्र संघटनांचा मुद्दा हाच आहे आणि न्यायालयाच्या निकालानंतरही तो संपलेला नाही. समर्थकांचं म्हणणं असं की शेतीतून बैल हद्दपार होत असताना तो गोठ्यात टिकवायला काहीतरी कारण लागतं, आणि पट हे ते कारण आहे.

पट नसेल तर बैल राहील का?

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्यामागे आकडे आहेत. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गोवंशाची एकूण संख्या १९ कोटींच्या वर आहे आणि ती किंचित वाढली. पण त्यातली देशी आणि गावठी गुरं मात्र आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली. कारण उघड आहे. नांगरणी ट्रॅक्टर करतो, माल टेम्पो नेतो. वर्षात काही दिवसांच्या डवरणी-वखरणीसाठी बारा महिने दोन बैल पोसणं अमरावती-अकोल्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही.

पटामुळे चांगल्या गोऱ्ह्याला किंमत येते हे खरं. पण ती सगळ्यांना येत नाही. पळणाऱ्या मोजक्या बैलांना लाखांत मागणी आणि बाकीच्यांना गिऱ्हाईक नाही, असं चित्र तयार होतंय. बक्षिसंही बदललीत. कधीकाळी नारळ, फेटा, भांडी आणि थोडी रोकड. आता रोख लाखांत, दुचाक्या आणि ट्रॅक्टर. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या शर्यतीत तर पहिलं बक्षीस जेसीबी होतं. बॅनरवर नेत्यांचे फोटो आले. जोडी बाळगणारे आता फक्त शेतकरी नाहीत, व्यावसायिक आणि पुढारीही आहेत. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे वेग. फॉर्म्युला वनमध्ये हीच तक्रार वाढली तेव्हा २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा घालण्यात आली. पटात अशी मर्यादा नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी गावातल्या शेतकऱ्यांच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवतात. साध्या शेतकऱ्याला टिकवण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

आणि धुरकरी बाई असेल तर?

तळेगाव दशासरच्या पटाची आणखी एक ओळख म्हणजे तिथे महिलांचाही शंकरपट भरतो. महिला स्वतः छकडीवर उभ्या राहून जोडी हाकतात. ज्या मैदानावर एकेकाळी बायका फक्त लांबून बघायच्या, तिथे आता त्यांची वेळ लाऊडस्पीकरवर सांगितली जाते. शेतातली निंदणी, वेचणी आणि गोठ्यातलं शेण-पाणी नेहमीच बायकांच्या वाट्याला होतं. बैलाला रोज वैरण घालणाऱ्या हातात कासरा यायला तेवढा वेळ लागला, एवढंच.

थोडक्यात काय?

शंकरपट नजरेच्या निकालावरून सेन्सरवर आला, बंडीवरून छकडीवर आला, नारळावरून ट्रॅक्टरवर आला आणि बंदीतून नियमांत आला. कायदा त्याच्या बाजूनं उभा आहे, पण अटींसह. त्या अटी रोज, प्रत्येक मैदानावर, प्रत्येक फेरीत पाळाव्या लागतात.

वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. हळद आणि तूप लावून, हलक्या हातानं. वर्षभर त्या खांद्यानं जे ओढलं, त्याची ती जाणीव असते. पट टिकायचा असेल तर हीच जाणीव जानेवारीत मैदानावरही दिसावी लागेल. बैल जिंको, नाही तर हरो.